एस९६० चा इलेक्ट्रॉन बीम जोड: मधे ४३० एचव्ही, तुटते मात्र प्लेट

रत्नागिरीकर: १० मिमी एस९६०क्यूएल (खूप ताकदीचं पोलाद) प्लेट, निर्वात चेंबरमध्ये इलेक्ट्रॉनच्या झोताने एकाच फेरीत जोडली. जोडाच्या मधे ४३० एचव्ही (विकर्स कडकपणा), बाजूला ३०० च्या आसपास मऊ पट्टा. तरी ताण चाचणीत मूळ प्लेटच तुटली. जोड पास धरायचा?

चिपळूण_वेल्ड: ताणात पास, पण तेवढ्यावर विसंबू नका. मऊ पट्टा जेमतेम मिलीमीटरभर. दोन्हीकडचा कडक भाग त्याला आखडू देत नाही, म्हणून तो टिकतो. जोड झटपट थंड होतो, त्यामुळे मधे जवळपास सगळं मार्टेन्साइट, म्हणजे पोलादाची कडक, ठिसूळ घडण. खरी परीक्षा चिवटपणाची. शार्पी (खाच केलेला तुकडा लोलकाच्या फटक्याने तोडायची चाचणी) घ्या, आणि भेग वळून प्लेटमध्ये शिरली का तेही बघा. अरुंद जोडात ती बऱ्याचदा वळते, मग आकडा फसवा चांगला दिसतो.

मालवणी_मेटल: पावसात आपल्याकडे कापलेली कड रातोरात गंजते. गंजात ओल, ओलीतून हायड्रोजन. एवढ्या कडक जोडाला तडा जायला ते पुरतं. कड मशीन करून अ‍ॅसिटोनने पुसा, लगेच चेंबरमध्ये. दोन कडांमधली फट ०.१ मिमीच्या आत. मशीन करताना प्लेट मॅग्नेटिक चकवर (चुंबकी पकडीवर) धरली होती? मग डीमॅग्नेटाइझ कराच (उरलेलं चुंबकत्व काढा), नाहीतर बीम वाकतो आणि तळाशी सांधा चुकतो. वरून कळतही नाही.

रत्नागिरीकर: टेम्परिंग (जोड पुन्हा तापवून कडकपणा उतरवणं) करायचं का?

चिपळूण_वेल्ड: केलंत तर पोलाद कारखान्यात (मिलमध्ये) प्लेटचं टेम्परिंग झालं त्या तापमानाच्या ३०-४० अंश खाली. वर गेलात की प्लेटचीच ताकद जाते.