थंडीत घरात मिरचीचं बी उगवत नाही, काय करू?

गच्चीवाली, नाशिक
नमस्कार मंडळी. उन्हाळ्यासाठी मिरची, वांगं, टोमॅटोची रोपं घरातच करायला घेतली आहेत. प्रोट्रे (रोपांचा कप्प्याकप्प्यांचा ट्रे), कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सगळं आणलं. टोमॅटो छान वर आला, वांग्याचीही एखाद-दोन डोकी दिसतायत. मिरची मात्र ढिम्म! पंधरवडा उलटून गेला. ट्रे स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे, सकाळ-संध्याकाळ न चुकता पाणी देते. पाकिटावरची मुदत संपलेली नाही. बीच खराब निघालं की अजून थांबू? इकडे सध्या सकाळी नळाखाली हात धरवत नाही, एवढी थंडी आहे.

मळेवाला काका, निफाड
ताई, बियाण्याला एवढ्यात बोल लावू नका. नळाचं पाणी तुम्हाला सोसवत नाही, तेच तुम्ही मिरचीच्या बियांना दिवसातून दोनदा पाजताय.

टोमॅटो २० अंशांतही उगवून येतो. मिरचीला २५ ते ३० लागतं, वांग्याचंही तसंच. १५ च्या खाली गेलं की मिरची नुसती पडून राहते. आणि घरात २२ अंश आहे म्हणून ट्रेतही २२ असेल असं समजू नका. उघड्या कोकोपीटमधलं पाणी उडत राहतं आणि ते गार पडतं, माठासारखं. त्यात रात्रभर खिडकीची काच शेजारी.

उगवत नाही म्हटलं की माणूस आधी पाणी वाढवतो. तिथेच बी कुजतं. बियाला ओल लागते तशी हवाही लागते. शेतात वाफसा (चिखल जाऊन नुसती ओल उरणं) आल्याशिवाय आपण पेरत नाही, मग ट्रेत चिखल कशाला? मूठभर कोकोपीट घट्ट दाबा. बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर पिळून काढा.

आता एखादा कप्पा उकरून बी बघा. टणक असेल तर अजून आशा आहे. दाबल्यावर पिचकलं की गेलं. पाकिटात बिया उरल्या असतील तर टिश्यू पेपर कोमट पाण्यात भिजवून पिळा, बिया त्यात पसरून घडी घाला आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. बियांना गुलाबी-लाल रंग असेल तर ते थायरमसारखं बुरशीनाशक असतं. हात धुवा, आणि तो डबा पुन्हा खाण्याला वापरू नका. आमच्या घरी यावरून चांगलंच वाजलं आहे.

डबा ठेवायचा कुठे? थंडीत इडलीचं पीठ जिथे फुगतं तिथे. सेट-टॉप बॉक्स किंवा वायफायच्या राउटरवरही चालतं, पण खाली जाड पुठ्ठा घाला आणि थेंब गळणार नाही असं बघा. फ्रिजच्या डोक्यावर ठेवा असं सगळे सांगतात, पण बऱ्याच नव्या फ्रिजचं डोकं गार आणि कुशी गरम असतात, हात लावून बघा. कपाटात बल्ब लावायचा तर एलईडीची ऊब किरकोळच. ३५ च्या वर मात्र जाऊ देऊ नका.

मोड दोन-तीन मिलिमीटरचा झाला की लगेच ट्रेत, अर्धा सेंटीमीटर खोल. मूळ कागदात शिरलं असेल तर ओढू नका, कागदाच्या तुकड्यासकट लावा.

रोपवाली, नारायणगाव
काकांना दुजोरा. आम्ही रोपवाटिकेत बी टाकून एकदाच पाणी देतो, ट्रे एकावर एक रचतो आणि वरून प्लॅस्टिक गुंडाळतो. आतली ऊब आणि ओल आतच राहते, उगवेपर्यंत पुन्हा पाणी नाही. घरी एका ट्रेला पिशवी घातली तरी पुरे. फक्त रोज डोकावून बघा. पहिली डोकी दिसली की त्याच दिवशी प्लॅस्टिक काढून उजेडात ठेवायचं. उशीर झाला तर रोपं लांबट, पांढरट होतात आणि ती पुढे कधीच नीट सावरत नाहीत. उगवायला मिरचीला उजेड लागत नाही, उगवल्यावर भरपूर लागतो.

बर्फातला शेतकरी, टोरांटो
आमच्याकडे याला सरळ हीट मॅट मिळते, ट्रेखाली अंथरायची. थर्मोस्टॅटसकट घ्या, नाहीतर बिया शिजतात. पण सगळंच उबेत ठेवू नका हं. लेट्यूसचं बी ३० च्या आसपास गेलं की उलट उगवायचं थांबतं. पालकालाही गारवाच मानवतो.

गच्चीवाली, नाशिक
काका, उकरून बघितलं. काही बिया पिचकल्या, काही टणक आहेत. ट्रेला पिशवी घातली, आणि नवीन बिया डब्यात घालून सेट-टॉप बॉक्सवर ठेवल्या (मालिका बघताना सासूबाई पहारा देतायत). पण आता दुसरंच निघालं. टोमॅटोची चार-पाच रोपं मातीलगत बारीक होऊन आडवी पडली आहेत. वरची पानं हिरवीगार!

मळेवाला काका, निफाड
ती मर. जास्त ओल आणि कोंदट हवा मिळाली की बुरशी देठ मातीलगत कापते. पडलेली रोपं उभी करत बसू नका, त्या कप्प्यातल्या कोकोपीटसकट काढून टाका. टोमॅटोवर पिशवी घातली असेल तर आत्ताच काढा, ती फक्त मिरचीला. उरलेल्या रोपांचं पाणी वरचा थर सुकेपर्यंत बंद, मग ट्रे थोडा वेळ कोमट पाण्यात टेकवून खालून द्या. दुपारी तासभर मंद पंखा लावा. पुढच्या वेळी कोकोपीटमध्ये आधीच ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळा, कृषी सेवा केंद्रात मिळतं. पाकिटावरची तारीख बघून घ्या, ती जिवंत बुरशी असते.