हिमस्खलन : बर्फातून परत फिरलेल्यांचे अनुभव लिहा

दिवाळी झाली की ट्रेक ग्रुपांवर केदारकंठा, ब्रह्मताल, कुआरी पासच्या तारखा पडू लागतात. हिमस्खलनाचा विषय मात्र बातमी आल्यावरच निघतो. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का दांडा-२ वर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी गाडले गेले, तेव्हा चार दिवस आपण त्यावरच बोललो. मग विसरलो. म्हणून हा धागा. शौर्यकथा नकोत. बर्फ कसा होता, उतार कसा होता, काय दिसूनही कळलं नाही, तेवढं लिहा. पहिला अनुभव माझाच.

फेब्रुवारीत सोलंगला स्कीइंगचा कोर्स करत होते. एका दुपारी उस्तादांनी फावडं दिलं आणि जमीन लागेपर्यंत खणायला लावलं. खड्ड्याची भिंत म्हणजे थरांची वडीच! वरचा थर फळीसारखा घट्ट, आणि तळाशी जाडी साखर. अक्षरशः साखर, मुठीत धरली तर बोटांतून गळणारी. जमीन त्या मानाने उबदार, वर कडाक्याची थंडी. खालून वर जाणाऱ्या वाफेने कणांना कोन येतात आणि ते एकमेकांना धरत नाहीत. ही साखर महिनोन् महिने गाडलेली राहते. वर नवी फळी बसते, तिच्यावर आपण पाय देतो. पृष्ठभाग इतका सुंदर दिसत होता की खणलं नसतं तर मी बिनधास्त त्यावरून गेले असते.

ट्रेकर, नाशिक :
माझा अनुभव लाजिरवाणा आहे. कुआरी पास, जानेवारी. दोन दिवस बर्फ पडून तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन. खुल्लाराच्या पुढे एक तिरपा उतार लागतो, तिथे लीडर थांबला. वाऱ्याने कड्यापलीकडचा बर्फ आणून याच बाजूला साठवलाय, म्हणाला, आणि परत फिरवलं. मी भांडलो. पैसे परत मागितले. त्याच दिवशी दुसरी एक तुकडी तिथूनच पासवर जाऊन फोटो घेऊन आली! त्यांना काहीच झालं नाही, हे मला वर्षभर खुपत होतं. सह्याद्रीत मळलेली वाट म्हणजे बरोबर वाट, या हिशेबावर आपण वाढलो. बर्फात वीस जण सुखरूप गेले तरी एकविसाव्याचा पाय नेमका कच्च्या जागी पडू शकतो. आणि ताज्या बर्फानंतरचं पहिलं ऊन, ज्याला मी नशीब समजत होतो, तेच वाईट. त्या लीडरला नंतर फोन करून माफी मागितली. त्याला मी आठवतही नव्हतो.

माजी फौजी, सातारा :
थोडक्यात लिहितो. नाला पहाटे पार करायचा, रात्रीचा बर्फ गोठलेला असतो तेव्हा. एकावेळी एकच माणूस, बाकीच्यांची नजर त्याच्यावर. पाठीवरच्या पिशवीचे पट्टे सैल. मागे लाल दोरी सोडलेली, माणूस गाडला तरी दोरीचं टोक वर राहावं म्हणून. बाकी लिहिण्यासारखं बरंच आहे, पण लिहवत नाही.

झुरिचहून :
इथे दाव्होसच्या बर्फ-संशोधन संस्थेचं हिमस्खलन पत्रक हिवाळ्यात रोज संध्याकाळी पाचला येतं. धोक्याच्या पायऱ्या पाच. माझं शाळेतलं गणित : पाचपैकी तीन म्हणजे मधलं, म्हणजे चालेल. प्रत्यक्षात सर्वाधिक माणसं तीनवरच मरतात. चार-पाचला लोक घरी बसतात. अशाच एका 'तीन'च्या दिवशी आम्ही चौघं स्कीवर चढत होतो. सपाटीवरच पायाखालून आवाज आला, रिकाम्या माळ्यावर गादी आपटावी तसा धप्प. कमकुवत थर खाली बसल्याचा आवाज. पुढचा उतार पस्तीस अंशांचा होता. साधारण तीस ते पंचेचाळीसमध्येच बहुतेक फळ्या सुटतात. चर्चा न करता वळलो.

सराव करा, हे मात्र सांगेन. पुरलेला बीकन (अंगावर बांधायचं, बर्फाखालूनही संदेश पाठवणारं छोटं यंत्र) पहिल्यांदा शोधायला मला अकरा मिनिटं लागली. खणायचं अजून बाकीच होतं. दहा-पंधरा मिनिटांनंतर जगण्याची शक्यता झपाट्याने उतरते, त्यामुळे हेलिकॉप्टर बिलिकॉप्टर विसरा, सोबतचेच वाचवतात.

नवी सभासद, डोंबिवली :
गुलमर्गला अफरवट डोंगरावर जायचंय, गंडोलाच्या (रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्याने. बीकन तिथे भाड्याने मिळतो का? आम्ही सहा जणी आहोत, दोन पुरतील ना?

लेखिका :
मिळतो. सहाच घ्या. सहा फावडी आणि सहा शोधकाठ्याही. जिच्याकडे बीकन नाही ती सापडणार नाही, आणि जिच्याकडे फावडं नाही ती नुसती बघत बसेल. आदल्या दिवशी हॉटेलमागच्या बर्फात एक बीकन पुरून शोधा, घड्याळ लावून. किती मिनिटं लागली ते इथे कळवा.