रेझिस्टन्स म्हणजे 'प्रतिकारशक्ती' का?

पानसुपारी: आरोग्य केंद्रात लावायच्या पत्रकाचं भाषांतर करतेय. 'अँटिबायोटिक रेझिस्टन्स'ला 'प्रतिजैविकांविरुद्धची प्रतिकारशक्ती' लिहिलं आणि आईला वाचायला दिलं. ती म्हणाली, "प्रतिकारशक्ती वाढते? मग चांगलंच की!" आता काय लिहू?

सूक्ष्मदर्शी: आईंचं बरोबर आहे. प्रतिकारशक्ती म्हटली की ती आपली, च्यवनप्राशवाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली भारत धरून १२ देशांत विचारलं होतं. ७६ टक्के लोक म्हणाले, शरीरच औषधाला सरावतं. सरावतो तो जिवाणू, आपण नाही. 'प्रतिरोध' लिहा.

वऱ्हाडी: प्रतिरोध म्हणजे मोर्चा निघाल्यासारखं वाटते भाऊ. आमच्याकडे 'औषधाले दाद देत नाही' म्हणतात. २०१७ ची गुलाबी बोंडअळी आठवा. बीटी कपाशीतलं विष पचवून बोंडात मजेत बसली होती. तिले कोणी प्रतिरोधी नाही म्हटलं, शिव्याच दिल्या.

सदाशिवपेठी: दाद फारसी आहे, मूळ अर्थ न्याय. आणि 'प्रतिजैविक' तरी कुठे धड आहे? जिवाविरुद्ध ते प्रतिजैविक, तर उंदराचं विषही प्रतिजैविकच.

मोरवाडी: वडील पिंपरीच्या एच.ए.त (हिंदुस्तान अँटिबायोटिक्स) होते, १९५४ साली स्थापन झालेली सरकारी कंपनी. घरात पेनिसिलिन हा शब्द ज्वारीइतका मराठी होता. 'प्रतिजैविक' मी थेट कॉलेजात ऐकला.

आजोळ: 'सोकावणे' का नको? म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. शिंक आली की केमिस्टकडून गोळी, मग जंतू सोकावणार नाहीत तर काय!

सूक्ष्मदर्शी: शब्द झकास आहे, पण सोकावणे, निर्ढावणे यांत तोच प्राणी अनुभवाने शिकतो. (वर मीही 'सरावतो' लिहून बसलो, माझीच चूक.) पेनिसिलिन जिवाणूला त्याची भिंत नीट बांधू देत नाही, तो फुटतो. आपल्या पेशींना भिंतच नाही, म्हणून आपण वाचतो. पण कोट्यवधींत एखाद्याकडे योगायोगाने औषध निष्फळ करणारा बदल आधीच असतो. बाकीचे मेले की रान त्याला मोकळं. लेडरबर्ग या शास्त्रज्ञ दांपत्याने १९५२ साली हे दाखवलं. मखमलीच्या ठशाने एका बशीतल्या जिवाणूंच्या वसाहती जशाच्या तशा दुसऱ्या, औषध घातलेल्या बशीत उमटवल्या. औषध कधीच न पाहिलेल्या मूळ बशीतही ते चिवट जिवाणू सापडले. औषध शिकवत नाही, निवडतं.

आजोळ: म्हणजे एकमेकांकडून काहीच शिकत नाहीत?

सूक्ष्मदर्शी: घेतात ना. प्लाझ्मिड नावाचं डीएनएचं छोटं कडं शेजाऱ्याला देतात, अगदी दुसऱ्या जातीच्या शेजाऱ्यालाही. एकाच कड्यात तीन-चार औषधांवरचे तोडगे असू शकतात.

वऱ्हाडी: म्हणजे कॉपी! खिडकीतून चिठ्ठी फेकतात तशी.

सदाशिवपेठी: सगळ्यांनी 'जिवाणू' ऱ्हस्व लिहिलंय. जीव अधिक अणू, 'जी' दीर्घच हवा.

आजोळ: मग 'जिवाचा' ऱ्हस्व कसा चालतो?

सदाशिवपेठी: ते सामान्यरूप, हा समास. शाळेत शिकवलं नाही का?

मोरवाडी: शाळेत आम्हाला 'सूक्ष्मजंतू' होता. तोच बरा होता, निदान भांडणं नव्हती.

पानसुपारी: अहो, उद्या सकाळी छापखान्यात द्यायचंय! तूर्त लिहिलंय: 'औषधाचा गैरवापर झाला की जंतू त्याला दाद देईनासे होतात.' आईला कळलं.

सदाशिवपेठी: 'जंतू' लिहाल तर लोक जंताची गोळी मागतील.