मांजरांची खेळणी : दोरा सोडून बाकी सगळं

भाटी (धागाकर्ती)
मांजराला काय आवडतं ते मांजरच दाखवेल. त्यातलं काय खुशाल पडू द्यावं आणि काय कपाटात टाकावं, एवढंच इथे लिहा. मापं, साहित्य, काय बिघडतं आणि का. 'आमची मनी कित्ती गोड' यासाठी वेगळा धागा आहेच.

सुरुवात दोऱ्यापासून, कारण लोकरीच्या गुंड्याशी खेळणारं मांजर कॅलेंडरवर छान दिसतं आणि घरात ते सर्वांत घातक खेळणं आहे. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात. दोरा तोंडात गेला की तो थुंकून टाकणं अवघड, तो आतच सरकतो. त्याचं एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठराच्या खालच्या तोंडाशी अडकतं. आतडं मात्र उरलेला दोरा पुढे ढकलत राहतं. तो सरकत नाही, मग आतडंच त्याच्यावर गोळा होतं, नाडी ओढल्यावर परकराला चुण्या पडाव्यात तसं. ताणलेला दोरा आतड्याला कापतो आणि पोटात संसर्ग पसरतो. लोकर, शिवणाचा दोरा (सुईसकट तर विचारूच नका), मांजा, जरीचा धागा, गिफ्टची चकचकीत फीत, केसांचं रबर, सगळ्यांना हेच लागू. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका. वारंवार उलट्या, खाणं बंद, कोपऱ्यात दडून बसणं यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. क्ष-किरणात दोरा सहसा दिसत नाही, त्यामुळे 'दोरा गिळल्याची शंका आहे' हे आपण सांगायचं.

बोकोबा
दोरीशिवाय काठीचं खेळणं होत नाही, म्हणून त्याला नियम एकच: खेळ संपला की दरवाजा लागणाऱ्या कपाटात. काठी 60 ते 90 सेमी, म्हणजे नखं हातापासून लांब राहतात. बारीक दोरीऐवजी जाड सुती कापडाची दोन बोटं रुंद पट्टी लावा. कडा सुटून धागे निघायला लागले की ती पट्टी फेकायची.

बहुतेकांचं चुकतं ते हलवण्यात. खेळणं मांजराच्या तोंडासमोर नाचवतात. कुठला उंदीर मांजराच्या तोंडाकडे धावत येतो? ते लांब पळवा, खुर्चीच्या पायामागे न्या, थांबवा, टोक थोडंसं हलवा. मांजर दबा धरून बसलंय आणि मागचा भाग हलवतंय, तर खेळ जमलाय. दर तीन-चार झडपांमागे एकदा पकडू द्या. पाच ते दहा मिनिटं, दिवसातून दोनदा, जेवणाच्या आधी. शेवटी वेग कमी करत आणा, शिकार हातात द्या आणि लगेच ताटली.

बोटांशी खेळवू नका. पिल्लाचं चावणं गोड वाटतं, पण हाताला शिकार समजण्याची सवय मोठेपणी सुटत नाही.

दबा
लेझर: डोळ्यांवर कधीच नाही, आरशावर नाही. ठिपका पंज्यात येत नाही, म्हणून काही मांजरं नंतरही भिंती धुंडाळत राहतात. शेवटी ठिपका एखाद्या खाऊवर नेऊन थांबवा. बटण सेलच्या झाकणाला स्क्रू नसेल तर ते खेळणं घेऊच नका. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर काही तासांतच जाळतो.

काथ्याकूट
ओरबाडण्याचा खांबही खेळण्यातच धरा. उंची किमान 80 सेमी, कारण मांजराला पूर्ण ताणायचं असतं. 10 सेमी व्यासाचा गोल लाकडी खांब, खाली 45 × 45 सेमीचं 18 मिमी प्लायवुड. खालून तीन स्क्रू मारा. एकाच स्क्रूवर खांब फिरतो आणि एकदा डुगडुगलेल्या खांबाकडे मांजर परत फिरकत नाही.

दोरी सिसलची (घायपाताच्या धाग्याची), 10 मिमी जाड. 80 सेमीला 80 वेढे, एका वेढ्याला साधारण 35 सेमी, म्हणजे 28 मीटर. 30 मीटर घ्या. काथ्या टोचतो आणि फार झडतो. सुतळी मऊ, पण लवकर पिंजते. फेविकॉल लाकडावर धरतो, पीव्हीसी पाइपवर धरत नाही, कारण त्याचं पाणी शोषलं जायला हवं. पाइप वापरलात तर महिन्याभरात वेढे खाली घसरतात. खांब मांजराच्या झोपायच्या जागेजवळ ठेवा, उठल्याबरोबर ते नखं तिथेच काढतं.

वासनासूक्त
कॅटनिपला (मांजरांना झिंग आणणारी, पुदिन्याच्या कुळातली वनस्पती) बरीच मांजरं ढुंकूनही पाहत नाहीत, तो आनुवंशिक मामला आहे. पिल्लांना काही महिन्यांचं होईपर्यंत असर नाही. मोठ्यांना दहा-पंधरा मिनिटं झिंग, मग तासभर तरी काही नाही, म्हणून पिशवी सतत बाहेर ठेवण्यात अर्थ नाही. व्हॅलेरियन कुळातल्या तगरीचं मूळही काहींना चढतं. घट्ट शिवलेल्या कापडी पिशवीत, फक्त हुंगायला. बागेतली पांढऱ्या फुलांची तगर वेगळी, तिला चीक असतो आणि ती विषारी आहे. नावावर जाऊ नका.

खोकेबहाद्दर
टेबल टेनिसचा चेंडू 40 मिमीचा, तोंडात मावत नाही, वजन नाही, फरशीवर आवाज करतो. रिकाम्या टबात टाका, बाहेर पळत नाही. चावून चिरला की बाद. डांबरगोळीही अशीच घरंगळते, पण मांजरांना ती विषारी, तेव्हा कपाटाखालच्या तपासा.

मांजराने लोळवून खाण्याचे कोरडे दाणे काढावेत म्हणून अर्ध्या लिटरच्या बाटलीला तीन-चार भोकं, दाण्याच्या दीडपट ते दुप्पट. भोक नेमकं दाण्याएवढं केलं तर काहीच पडत नाही आणि मांजर नाद सोडतं. कडा पॉलिश पेपरने घासा, झाकणाखालची कडी कापून टाका. आतले दाणे रोजच्या मापातूनच काढा. खोक्याच्या पिना आणि चिकटपट्टी काढा, कागदी पिशवीचे बंद कापा (मान अडकते). प्लॅस्टिकची पिशवी नको.

एका वेळी तीन-चारच खेळणी बाहेर, बाकी डब्यात. चार दिवसांनी अदलाबदल केली की जुनंच नवं होतं.

मिशीवाली
घुंगरू चालेल का? गळ्यातल्या पट्ट्याचं नाही, उंदराच्या शेपटीला लावायचं आहे.

भाटी
बाहेरून नको. फटीत नख अडकतं, आणि तुटलं तर गिळण्याच्या मापाचंच असतं. कापडी उंदराच्या पोटात, दुहेरी कापडाच्या आत शिवा. चिकटवलेले डोळे उपटून टाका, पण तिथे धाग्याने टाके घालायचे नाहीत. मग मार्करने ठिपके काढले तर? तेही नको, मांजर ते चाटतं. आंधळा उंदीर पळतो की!