गणपतीतली मोबाईल टूर्नामेंट: विकत घेतलेली ताकद बाहेर कशी ठेवायची?

येळ्ळूर_सेकंड_शिफ्ट

नमस्कार मंडळी. मी बेळगावजवळच्या येळ्ळूरचा, उद्यमबागेत सीएनसी मशीनवर कामाला. रात्री शिफ्ट सुटल्यावर गल्लीतले आम्ही चौघं मिळून बॅटल रॉयल खेळतो, म्हणजे शेवटपर्यंत टिकेल तो जिंकला असा बंदुकीचा मोबाईल गेम. यंदा आमचं युवक मंडळ गणपतीत कॅरमबरोबर मोबाईल गेमचीही टूर्नामेंट घेणार आहे आणि ती जबाबदारी माझ्यावर आली आहे. गेमचं नाव लिहीत नाही, खेळणारे ओळखतील.

अडचण अशी, की या गेममध्ये बंदुकीची स्किन म्हणजे नुसता रंग नव्हे. एका स्किनने डॅमेज वाढतो, दुसरीने गोळ्या भराभर सुटतात, तिसरीने रिलोड लवकर होतं. चांगली स्किन हवी तर डायमंड घालून चक्र फिरवायचं, आणि डायमंड पैसे मोजून घ्यायचे. पॅक असे केलेले असतात, की हवी ती वस्तू घेऊन थोडे डायमंड उरतात, पण उरलेल्यात पुढचं काहीच येत नाही. मग परत टॉप-अप.

गल्लीत अकरावीतला एक पोरगा आहे. वडील भातशेती करतात, घरात एकच फोन, तोही रात्री जेवणं झाल्यावर हातात येतो. नेम असा, की आम्ही चौघं मिळूनही त्याची बरोबरी करू शकत नाही. परवा सरावाला त्याची आणि वडगावच्या एका पोराची समोरासमोर गाठ पडली. बंदूक दोघांकडे एकच. यानं आधी बघितलं, आधी मारलं, आणि पडला हाच. समोरच्याची स्किन शेवटपर्यंत अपग्रेड केलेली होती. त्या वडगावच्या पोरावर माझा अजिबात राग नाही, विकायला ठेवलंय म्हणून त्यानं घेतलं. राग विकणाऱ्यांचा येतो. आनंदवाडीच्या आखाड्यातसुद्धा जोड बघून कुस्ती लावतात, वजनात बसत नसेल तर पंच उभंच करत नाहीत. इथं वजन विकत मिळतं आणि निकालात तसं कुठंच लिहिलेलं नसतं. त्या पोराला वाटतं, आपलंच कुठंतरी चुकलं.

तर सांगा, मंडळाच्या पातळीवर यावर काय करता येईल? आणि प्रवेश फी घ्यावी का? काहीजण संघामागे दोनशे म्हणतात.

निपाणीकर

भावा, अशा बऱ्याच गेममध्ये स्वतःची रूम काढता येते, म्हणजे आपण बोलावलेल्यांचीच वेगळी मॅच, आणि तिथं सेटिंग असतं. बंदुकीचे गुण बंद करायचे, कॅरेक्टरची स्किल बंद करायची. स्किन दिसते, पण डॅमेज सगळ्यांचा सारखा. आमच्याकडं पोस्टरवरच ‘गन प्रॉपर्टी ऑफ’ असं मोठ्या अक्षरात छापतात.

रूम मंडळाच्याच माणसानं काढायची, कुठल्या संघाला काढू द्यायची नाही. मॅच सुरू व्हायच्या आधी सेटिंगचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचा, नाहीतर हरलेला संघ मांडवातच भांडण काढतो. टॅबलेट चालणार नाही हेही आधीच सांगा, मोठ्या स्क्रीनचा फरक पडतो.

खानापूर_रोड

मला एक पटत नाही. गेम फुकट आहे की नाही? सर्व्हर चालवायला पैसे लागतात. ज्यांना परवडतं ते घालालेत, म्हणून बाकीचे फुकट खेळालेत. तो अकरावीतला पोरगा एक रुपया न देता खेळतो ते कुणाच्या जिवावर?

येळ्ळूर_सेकंड_शिफ्ट

दादा, पैसे कमवू नका असं मी म्हणतच नाही. कपडे विका, नाच विका, बंदुकीला सोन्याचा रंग विका. डोटा २ बघा, सगळे हिरो सगळ्यांना फुकट, विकतात ते बहुतेक दिसण्यापुरतं, हिरोची ताकद विकत नाहीत. तरी तो गेम इतकी वर्षं चाललाय. डॅमेज विकला की तो पोरगा फुकट खेळणारा राहत नाही, पैसेवाल्यानं ज्याला हरवायचं तो माल होतो. समोर पडायला कुणीच नसेल तर ती महागडी स्किन कोण घेईल? त्याचा वेळ तिथं खर्च होतो, तीच त्याची किंमत.

टिळकवाडी_जुना_कॅफेवाला

शेवटचं वाक्य एकदम बरोबर. अ‍ॅक्टिव्हिजन या गेम कंपनीला ऑक्टोबर २०१७ मध्ये एक पेटंट मिळालं होतं. नवख्या खेळाडूची गाठ चांगली वस्तू बाळगणाऱ्याशी घालून द्यायची, म्हणजे त्यालाही ती घ्यावीशी वाटेल, अशी जोड्या लावायची पद्धत. ती कुठल्या गेममध्ये वापरलेली नाही असं कंपनीनं सांगितलं. पण विचार कुठल्या दिशेनं चालतो ते कागदावर आलं.

आणि ओरडून उपयोग होत नाही असं समजू नका. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २ आला. पूर्ण किमतीचा गेम, तरी ताकद वाढवणारी कार्डं नशिबाच्या पेट्यांतून निघायची आणि पेट्या पैशानं मिळायच्या. डार्थ व्हेडर हे पात्र उघडायला गेममधल्या चलनाचे ६०,००० क्रेडिट ठेवले होते. लोक इतके खवळले, की गेम काढणाऱ्या ईए कंपनीला तो बाजारात यायच्या आदल्या दिवशी गेममधली पैसे देऊन होणारी खरेदी बंद करावी लागली. मार्च २०१८ पासून ती कार्डं फक्त खेळून मिळू लागली.

बेल्जियमनं २०१८ मध्ये पैसे देऊन उघडायच्या अशा नशिबाच्या पेट्या जुगारात धरल्या. जपाननं त्याही आधी, २०१२ मध्ये, चक्रातून निघालेल्या वस्तूंचा पूर्ण संच जमवला की मोठं बक्षीस, हा प्रकार थांबवला.

फी मात्र घेऊ नका. आपल्याकडं ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा केंद्राचा कायदा झाला. पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर त्यात बंदी आहे. फी जमवून त्यातूनच रोख बक्षीस दिलं, की वाद उभा राहायला वाव मिळतो. वर्गणीतून ढाल द्या.

शहापूरची_आई

मी गेम खेळत नाही, मुलगा आठवीत आहे म्हणून वाचते. एक विनंती. बक्षीस म्हणून डायमंडचा टॉप-अप देऊ नका. मागे एका टूर्नामेंटमध्ये आमच्या मुलाला तोच मिळाला. तो संपल्यावर माझ्या फोनवरून पैसे मागायला लागला. नाही म्हटलं की जेवायचा नाही. त्याआधी तो नुसता खेळायचा, मागत नव्हता. पोरं जिंकून घरी काय घेऊन जातात ते तुमच्या हातात आहे.

येळ्ळूर_सेकंड_शिफ्ट

ताई, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. पहिलं बक्षीस टॉप-अपच ठरलं होतं, ते आज रद्द करायला लावतो. ढाल आणि चौघांना चांगले हेडफोन, वर्गणीतून तेवढं बसतं. फी नाही, टॅबलेट नाही, गुण आणि स्किल बंद, रूम मंडळाची. वडगावच्या पोरालाही बोलावणार आहे. सारख्या बंदुकीवर तोही चांगलाच खेळत असेल.

निपाणीकर दादा, आमच्यातल्या कुणी अजून रूम काढलेली नाही. शनिवारी रात्री बारानंतर जमलं तर एकदा सेटिंग दाखवाल का? मी तोवर घरी पोचतो.

निपाणीकर

जमतंय. शनिवारी आयडी पाठवतो, चौघंही या.