सव्वा लाखात कार्बन रोडबाईक, यवतेश्वरसाठी कोणती घेऊ?

गोडोलीकर_दमलेला
नमस्कार मंडळी. राहणार सातारा. गेली चार वर्षं हायब्रिड (सरळ हँडलवाली सायकल) चालवतोय, पुढं सस्पेन्शनवाली, घरच्या वजनकाट्यावर साडेचौदा किलो भरली. आठवड्यातनं चार दिवस समर्थ मंदिरापासनं यवतेश्वरचा घाट चढतो, रविवारी जमलं तर कास. आता रोडबाईक घ्यायचीय आणि कार्बनच घ्यायचीय. बजेट १ लाख २५ हजार, त्यात पेडल, शूज, बाटलीचे स्टँड सगळं आलं. उंची ५ फूट ६ इंच, वजन ७४, वय ३८. रेस वगैरे काय नाही. नवी-जुनी दोन्ही चालेल. ॲल्युमिनियम घे असं कृपया सांगू नका, ते घरी, ऑफिसात आणि दुकानात तिन्हीकडं ऐकून झालंय.

पसरणी_रोज
ॲल्युमिनियम घ्या.

पसरणी_रोज
चेष्टा नाही, खरंच सांगतोय. माझी अलॉय (म्हणजे ॲल्युमिनियमची) फ्रेम, पुढचा फोर्क कार्बनचा, गिअर शिमानोचे सोरा, ९ स्पीड. सहा वर्षं पसरणी घाट चढतोय, वाई ते पाचगणी, एकदा पण रडली नाही. दोनदा आपटली, एकदा म्हैस आडवी आली. हँडलटेप बदलली नि परत चालू. कार्बन असती तर तेराव्याला बोलवावं लागलं असतं.

बुलेट_विकली
भाऊ, एकदाच घ्यायचीय ना? मग शिमानो १०५ चा १२ स्पीड ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा सेट), हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, फुल कार्बन. मी दोन लाख ऐंशीला घेतली, बुलेट विकून. आज सहा महिने झाले, बुलेटची आठवण पण येत नाही. सव्वा लाखात घेशील आणि वर्षात विकशील. सायकलवरचा जीएसटी पण सप्टेंबर २०२५ मध्ये १२ चा ५ टक्के झालाय, ते वाचलेले पैसे वर घाल.

गोडोलीकर_दमलेला
दादा, सव्वा लाखावर जीएसटीचे वाचतात साधारण सात-आठ हजार. वरचे दीड लाख कुठनं आणू? माझ्याकडं बुलेट नाही, ॲक्टिव्हा आहे आणि ती पण बायकोची.

मिरज_एक्सप्रेस
आमच्याकडं सांगलीला या एकदा. सांगली-मिरज, तिकडनं नरसोबाची वाडी, सगळं सपाट. काल ३४ चा ॲव्हरेज लागला माझा, तो पण समोरच्या वाऱ्यात. वारा कापणारी एरो फ्रेम घ्या, ५० एमएम उंचीची रिम घ्या. वजनाचं काय घेऊन बसलाय.

पसरणी_रोज
त्यांना यवतेश्वर चढायचंय आणि तुम्ही एरो सांगताय. घाटात ५० एमएमच्या रिमला बाजूनं वारा लागला की गाडी दरीकडं बघती.

मिरज_एक्सप्रेस
चालवणाऱ्यावर असतं.

बारा_तासात_दोनशे
मी दोनदा सुपर रँडोनियर झालोय, म्हणजे २००, ३००, ४००, ६०० किलोमीटरच्या राईड ठरल्या वेळेत, एकाच सीझनला, त्यामुळं थोडं बोलायचा हक्क आहे असं समजतो. हिशेब करा. तुमचं वजन ७४, गाडी, पाणी, टूल धरून सगळं मिळून ८५ किलो. अलॉय सोडून कार्बन घेतली तर वाचतो सव्वा किलो, म्हणजे दीड टक्का. चढ ४० मिनिटांचा असेल तर वाचले ३५ सेकंद. याउलट आत्ताच्या साडेचौदा किलोवरनं दहा किलोच्या अलॉयवर आलात तरी दोन मिनिटं कमी होतात, आणि सस्पेन्शनमध्ये जो जोर खाल्ला जातोय तो वेगळाच. ३५ सेकंदासाठी पन्नास हजार जास्त द्यायचे का ते तुमचं तुम्ही ठरवा. मी ६०० अलॉयवर केली, ३८ तासात, लिमिट ४० ची असती.

गोडोलीकर_दमलेला
हिशेब पटला. पण ३५ सेकंद पण माझेच की हो.

हरिपूरचा_घाट
माझा अनुभव ऐका आणि मग कार्बन घ्या. तीन वर्षांपूर्वी कार्बन घेतली, नवीन. सीट थोडी खाली सरकायची म्हणून एका दुकानात दिली, तिथल्या पोरानं साधी ॲलन की घेतली आणि असा काय आवळला की विचारू नका. घरी आलो, फडक्यानं पुसताना सीटपोस्टवर (सीटखालच्या दांड्यावर) केसासारखी बारीक रेघ. नख फिरवलं तर नख अडकलं. आठवड्यात सीटपोस्ट दोन तुकडे, नशीब गल्लीतच होतो. त्यावर किती आवळायचं ते, पाच न्यूटन मीटर असं, लिहिलेलं असतं हो, बारीक अक्षरात, पण वाचतंय कोण. तेव्हापासनं टॉर्क रेंच (मोजून आवळायचा पाना) घरी घेऊन ठेवलाय आणि कुणाला गाडीला हात लावू देत नाही, बायकोला पण नाही.

कृष्णेचा_काठ
म्हणूनच स्टील. आमच्या वडलांनी दुधाचे दोन कॅन लावून ॲटलस तीस वर्षं चालवली. फुटली नाही, वाकली नाही.

बुलेट_विकली
काका, ॲटलसचा शेवटचा कारखाना २०२० ला बंद पडला. ते पण ३ जूनला, जागतिक सायकल दिनाच्या दिवशी.

कृष्णेचा_काठ
कारखाना बंद पडला, सायकल चालूच आहे. परड्यात उभी आहे, येऊन बघ.

कोरेगावची_ताई
कुणी गिअरचं बोलणार आहे का? गोडोलीकर, फ्रेम कशाची हा विचार नंतर. आधी पुढं किती दात्यांची चेनरिंग (पेडलकडची चक्रं) आणि मागं किती दात्यांची कॅसेट (मागच्या चाकाची चक्रं) ते बघा. जुन्या कार्बन गाड्यांवर बऱ्याचदा रेसवाले गिअर असतात, पुढं ५२-३६ आणि मागं ११-२८. त्यावर सगळ्यात हलका गिअर टाकून मिनिटाला ६० वेळा पेडल फिरवलं तरी गाडी ताशी पावणेदहाच्या आसपास धावायला पाहिजे. यवतेश्वरच्या खड्या वळणावर तुमचा वेग सात-आठ असेल तर पेडल फिरणारच नाही, उभं राहून दात-ओठ खायचे. तुम्हाला पुढं ५०-३४ आणि मागं ११-३४ पाहिजे, म्हणजे एकास एक. सोरा, टियाग्रा, ११ स्पीडचं १०५, शिमानोच्या या तिन्हीच्या अलीकडच्या मॉडेलांत लांब केजचा डिरेलर (चेन सरकवणारा मागचा लोंबता भाग) असेल तर मागं ३४ बसतं. छोट्या केजला ३० च्या वर नाही. गाडी बघायला गेलात की आधी खाली वाकून केज बघा. मी हे गुडघा दुखवून शिकले, फिजिओथेरपीचं बिल धरलं तर माझी ॲलॉय गाडी कार्बनच्या भावात पडली.

दुसरं माप. ५ फूट ६ म्हणजे ५२ का ५४ हे नुसत्या आकड्यावरनं ठरवू नका, एका कंपनीचं ५२ दुसरीच्या ५४ एवढं असतं. स्टॅक आणि रीच (फ्रेमची पुढची उंची आणि लांबी) असे दोन आकडे वेबसाईटवर असतात ते जुळवा. तुम्ही चार वर्षं सरळ बसून चालवलीय, एकदम वाकायला लावणारी रेस फ्रेम घेतली तर महिन्याभरात कंबर बोलायला लागेल.

बारा_तासात_दोनशे
ताईंनी बरोबर सांगितलं. गिअर महत्त्वाचे. पुढं ५०-३४, मागं ११-३४ घ्या.

मिरज_एक्सप्रेस
मी पण तेच म्हणणार होतो.

बुलेट_विकली
आणि डिस्क. डिस्कशिवाय घाट उतरू नका. जुलैत यवतेश्वरला ढग खाली आलेले असतात, पुढची एसटी दिसत नाही, तिथं रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर पॅड दाबणारा) दाबला की आधी पाणी पुसणार, मग विचार करणार, मग थांबणार.

पसरणी_रोज
रिम ॲल्युमिनियमची असेल तर नीट थांबतं, मी सहा पावसाळे उतरलोय. पॅड लवकर संपतात एवढंच, वाळूच्या कणांनी रिमला रेघोट्या पडतात, कण टोकरून काढायचे. हायड्रॉलिकचं ब्लीडिंग, म्हणजे तेल बदलून हवा काढणं, गावात कोण करतं ते आधी विचारा. माझ्या मित्राच्या शिमानो डिस्कमध्ये एका मेकॅनिकनं मोटरसायकलचं डॉट ऑइल ओतलं. त्याला मिनरल ऑइल लागतं. आतलं सील फुगलं, लिव्हर आत गेला तो बाहेरच येईना, कॅलिपर नि लिव्हर दोन्ही नवे घ्यावे लागले.

हरिपूरचा_घाट
म्हणूनच म्हणतो कुणाला हात लावू देऊ नका.

मिरज_एक्सप्रेस
विषय निघालाच आहे म्हणून, कारखाने चालू झालेत, उसाच्या ट्रॉल्यांनी वैताग आणलाय. काल रस्त्यावर पडलेल्या कांडक्यावरनं पुढचं चाक गेलं, कोपर सोललं. मागं रिफ्लेक्टर नाही, लाईट नाही, वर टेपरेकॉर्डर फुल्ल.

कृष्णेचा_काठ
ऊस आमचाच असतो. तुम्ही पहाटे पाचला काळे कपडे घालून कुठं निघालेले असता?

मिरज_एक्सप्रेस
काळे नाहीत, नेव्ही ब्लू.

कोरेगावची_ताई
धागा सायकल घेण्याचा आहे. गोडोलीकर, सेकंडहँड कार्बन बघणार असाल तर भर उजेडात बघा, आणि आधी गाडी धुऊन ठेवायला सांगा, चिखलाखाली काय पण लपतं. चेन पडून जिथं घासती तिथं, म्हणजे चेनरिंगच्या मागं, बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलच्या बेअरिंगच्या जागेच्या) खाली, सीटपोस्टच्या क्लॅम्पपाशी, आणि फोर्क काढायला लावून स्टिअररवर, म्हणजे फोर्कच्या वरच्या दांड्यावर. स्टिअरर कुणी बघत नाही आणि तोच तुटला तर तोंडावर. रेघ दिसली की नख फिरवा, पेंट असेल तर सरकतं. नाण्यानं टकटक करत पुढं जा, आवाज मध्येच बोदा झाला की गाडी ठेवून चहा पिऊन परत या. बिल मागा, खालचा सीरियल नंबर बिलाशी जुळवा. फ्रेमची वॉरंटी बहुतेक वेळा पहिल्या मालकापुरतीच असती, त्यामुळं लाइफटाइम वॉरंटी आहे असं कुणी म्हणालं तर कुणाचा लाइफटाइम ते विचारा.

बुलेट_विकली
जुनी कार्बन घेऊ नको रे भाऊ. कुणाचं तरी दुखणं विकत घ्यायचं.

पसरणी_रोज
अलॉय, २८ एमएमचे चांगले टायर, उरलेल्या पैशात महाबळेश्वरला फॅमिली ट्रिप. शेवटचं सांगतोय.

बारा_तासात_दोनशे
टायरवर +१. चांगल्या टायरचा फरक फ्रेमपेक्षा आधी कळतो. ७४ किलोला २८ एमएम असेल तर हवा ८० पीएसआयच्या आत ठेवा, दगडासारखे फुगवू नका.

*(तीन आठवड्यांनी)*

गोडोलीकर_दमलेला
घेतली. शिव्या घालू नका. मिरजेत एका डॉक्टरांची होती, त्यांनी हौसेनं घेतली, सातशे किलोमीटर चालवली आणि मग भिंतीवर टांगली. फुल कार्बन, टियाग्रा १० स्पीड, ५०-३४ आणि ११-३४, लांब केज, ताई, आधी वाकून तेच बघितलं. ब्रेक रिमचे, टायर २५ चे, २८ त्यात बसत नाहीत. साईज ५२, स्टेम (हँडल धरणारा तुकडा) थोडा लांब वाटतोय. बिल होतं, नंबर जुळला. टॉर्चनं आणि नाण्यानं अर्धा तास तपासली, डॉक्टर म्हणाले तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळ पेशंट तपासता. ७२ हजारात. वजन आठ किलो नऊशे, तोच घरचा काटा. काल यवतेश्वर ४१ चं ३७ मिनिटांवर आलं.

बुलेट_विकली
रिम ब्रेक. सांगून काय उपयोग नाही.

पसरणी_रोज
त्या ३७ मध्ये कार्बनची ३५ सेकंदं. बाकी सगळं सस्पेन्शन गेल्याचं.

मिरज_एक्सप्रेस
कुठले डॉक्टर? मला माहिती असती तर मीच घेतली असती.

गोडोलीकर_दमलेला
आता एकच विचारायचंय. उजव्या पायानं जोर लावला की टक, टक, टक असा आवाज येतोय. चढालाच. सपाटीला नाही.

हरिपूरचा_घाट
फ्रेम गेली.

बुलेट_विकली
प्रेसफिट बॉटम ब्रॅकेट असणार, आट्यांशिवाय नुसता दाबून बसवलेला. घेतानाच बघायला पाहिजे होतं.

कृष्णेचा_काठ
ॲटलस आवाज करत नाही.

कोरेगावची_ताई
फ्रेम-बिम काढायच्या आधी उजवं पेडल खोला, आट्यांना ग्रीस लावा आणि परत आवळा. मग सीटपोस्ट काढून पुसून कार्बन पेस्ट लावा. आधी पेडल.

गोडोलीकर_दमलेला
पेडल होतं.