सहा टाक्यांना एकच संप नको
तुम्ही श्रिंपच्या (शोभेच्या छोट्या कोळंबीच्या) सहा टाक्या मांडताय आणि सहाही टाक्यांचं पाणी एकाच संपमधून, म्हणजे सगळ्यांना जोडलेल्या फिल्टरच्या टाकीतून, फिरवायचा विचार दिसतोय, पण श्रिंपच्या पैदाशीसाठी मी तरी तसं करणार नाही. एका टाकीत हायड्रा किंवा प्लॅनेरिया (पिल्लांना धोकादायक असे बारीक जीव) शिरला की तो सगळीकडे पोचतो. शिवाय चेरी श्रिंपची पिल्लं जन्मतः जेमतेम 2 मिमीची. ओव्हरफ्लोच्या, म्हणजे पाणी संपकडे जाण्याच्या वाटेच्या, जाळीतून सहज निसटतात, आणि दुसऱ्या रंगाच्या टाकीत गेली तर संकर होऊन पुढची पिढी बहुतेक तपकिरीच निघते.

त्यापेक्षा एकच दमदार एअर पंप घ्या आणि प्रत्येक टाकीत स्वतंत्र स्पंज फिल्टर (हवेच्या जोरावर स्पंजमधून पाणी गाळणारा) लावा. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवणार असाल तर नळीला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) हवाच, नाहीतर वीज गेली की पाणी उलटं पंपात उतरतं. महिन्याभराने स्पंज जवळून बघा, त्यावर तपकिरी साय धरलेली असते आणि पिल्लं पुढच्या इवल्या पायांनी दिवसभर ती खुडत बसतात. बघत राहावंसं वाटतं! म्हणूनच स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळा.

आणि हो, नव्या टाकीच्या पाण्यातले विषारी अमोनिया, नायट्राइट शून्यावर येईपर्यंत, साधारण 4 ते 6 आठवडे, श्रिंप सोडूच नका.